झेंडा वेदीजवळ की आवारात? किनाऱ्यावरच्या एका धर्मग्रामाचं प्रकरण

पांढरं, केशरी आणि हिरवं सॅटिन, प्रत्येकी दीड मीटर. १० ऑगस्ट २०२२ च्या संध्याकाळी आमच्या पॅरिश कौन्सिलच्या, म्हणजे धर्मग्रामाच्या मंडळाच्या, टेबलावर, चहाच्या कपांच्या मधोमध, हे कापड पडलं होतं. त्याच दिवशी कुडाळच्या बाजारातून आणलेलं. गावात शिवणकाम करणाऱ्या मावशी दाराजवळच्या खुर्चीत गप्प बसून होत्या. शिवायचं त्यांना होतं आणि हातात जेमतेम चार दिवस उरले होते. शिवायचा होता मरियामातेच्या मूर्तीचा शेला: तिरंगी, मधल्या पांढऱ्या पट्ट्यावर निळ्या धाग्याचं चोवीस आऱ्यांचं चक्र.

मी कौन्सिलचा सेक्रेटरी. हायस्कुलातून निवृत्त झालो तेव्हापासून इतिवृत्त लिहायचं काम माझ्या गळ्यात आहे. त्या सभेच्या इतिवृत्तात मी लिहिलंय, "सविस्तर चर्चा होऊन निर्णय फादरांवर सोपवण्यात आला." वाक्य खरं आहे आणि त्यातून काहीही कळत नाही. म्हणून हा सगळा मजकूर. गावाचं नाव देत नाही. वेंगुर्ला ते मालवण या पट्ट्यातलं खाडीकाठचं गाव, ख्रिस्ती घरं फार नाहीत पण इगर्ज, म्हणजे चर्च, जुनी, एवढं पुरे.

दोन सण, एक तारीख

१५ ऑगस्ट हा कॅथोलिकांचा आधीपासूनचाच सण आहे हे बाहेरच्या माणसाला बहुधा ठाऊक नसतं. मरियेच्या स्वर्गउन्नयनाचा दिवस. रविवारसारखीच त्या दिवशीही मिस्सा, म्हणजे चर्चमधली सामुदायिक उपासना, चुकवायची नसते. १९४७ पासून त्याच तारखेला स्वातंत्र्यदिन. त्यामुळे आमच्याकडची पोरं सकाळी शाळेच्या गणवेशातच मिस्सेला येतात आणि तशीच झेंड्याला जातात. त्या दिवशीचं शुभवर्तमान बायबलमधल्या लूकच्या पहिल्या अध्यायातलं असतं आणि त्यात मरियेचं गाणं येतं: देवाने सत्ताधीशांना आसनांवरून खाली ओढलं, दीनांना वर उचललं, भुकेल्यांना भरपूर दिलं आणि धनवानांना रिकाम्या हाताने परत पाठवलं. स्वातंत्र्यदिनाला वाचण्यासाठी कुणी मुद्दाम शोधायला बसलं असतं तरी याहून नेमका उतारा सापडला नसता. पण एवढ्या वर्षांत त्या ओळींवर कुणी प्रवचन केलेलं मला आठवत नाही. प्रवचनं व्हायची ती आईच्या मायेवर.

आवारात झेंडा मात्र दरवर्षी लागायचा. मिस्सा लवकर आटपायची, कारण जिल्ह्याचं नऊ पाचचं ध्वजवंदन आणि त्याच्या आगेमागे शाळा, ग्रामपंचायत असं सगळ्यांना गाठायचं असतं. चर्चच्या पायऱ्यांसमोर पाइपचा खांब, झेंडा, जन गण मन, पोरांच्या हातावर लाडू. माझ्या कपाटात त्याचे ब्लॅक अँड व्हाइट फोटोसुद्धा आहेत. कुणाला त्यात काही विशेष वाटायचं नाही, आम्हालाही नाही.

२०२२ वेगळं होतं. स्वातंत्र्याला ७५ वर्षं पूर्ण होत होती आणि १३ ते १५ ऑगस्ट ‘हर घर तिरंगा’ची मोहीम होती. आधी खादीचा, हाताने विणलेलाच झेंडा चालायचा. २०२१ च्या डिसेंबरमध्ये पॉलिएस्टरचा आणि मशीनवर बनवलेलाही चालू झाला. २०२२ च्या जुलैत नागरिकांना तो रात्रीही फडकता ठेवायची मुभा मिळाली. किराणा दुकानात बिस्किटांच्या बरणीशेजारी झेंड्यांचा गठ्ठा दिसायला लागला.

त्याच आठवड्यात गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी टाकलं, "यंदा किरिस्तावांच्या इगर्जीवर पण तिरंगो दिसांदे." खाली दोन हसरे चेहरे. टाकणारा वाईट माणूस नाही. आमच्या फेस्ताला येतो, सोरपोतेल खातो. गंमत म्हणूनच टाकलं असणार. पण ‘पण’ हा शब्द आमच्या पोरांना बरोबर जिथे लागायचा तिथे लागला.

युवक मंडळाचा अध्यक्ष पुण्यात इंजिनिअरिंग करून कोविडात घरी आलेला आणि मग इथेच राहिलेला. आता पर्यटकांना बोटीतून फिरवतो. त्याने दोन दिवसांत योजना आणली. वेदीच्या उजव्या बाजूला मिस्सेभर झेंडा उभा करायचा. अर्पणाच्या मिरवणुकीत भाकर आणि द्राक्षारसाबरोबर एक झेंडा वेदीपर्यंत आणायचा. मरियेला तिरंगी शेला. आणि दारात एक फलक: देशासाठी झटलेले ख्रिस्ती.

फलकावरची नावं मीच दिली होती, हे इथे कबूल केलं पाहिजे. जोसेफ ‘काका’ बॅप्टिस्टा, मूळ घराणं उत्तनचं. टिळकांचे बॅरिस्टर मित्र, १९१६ साली होमरूल लीगचे अध्यक्ष, १९२० मध्ये आयटक या कामगार संघटनेच्या उभारणीत पुढे. नारायण वामन टिळक, जन्म १८६१, रत्नागिरी जिल्ह्यातलं करजगाव. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, पण देशावरच्या कविता काही सुटल्या नाहीत. आणि पलीकडे गोव्यातले त्रिस्ताव द ब्रागांझा कुन्हा, ज्यांनी १९२८ साली गोवा काँग्रेस कमिटी काढली. शिक्षकाला असं विचारलं की तो खुश होऊन सांगत सुटतो, तसा मी सुटलो. तेव्हा माझ्या डोक्यातही आलं नाही की ही माणसं आम्ही ज्या कारणासाठी मांडतोय त्यात काहीतरी खटकतंय. त्यांनी जे केलं ते कुणाला दाखवायला केलं नव्हतं. आम्ही मात्र त्यांची दाखल्यासारखी रांग लावत होतो, रेशन कार्ड, आधार, काका बॅप्टिस्टा.

सभेत युवक मंडळाच्या या पोराने पहिलंच वाक्य टाकलं, "मास्तरांनू, आमचो झेंडो आमच्या इगर्जीत नाय तर खय लावूचो?" मी मान डोलावली. माझं मत तेव्हा त्याच्याच बाजूचं होतं.

‘पण’ कुठून येतो

थोडं मागे जायला हवं, नाहीतर चार दिवसांच्या शेल्यासाठी एवढा गदारोळ का, ते कळणार नाही.

आमच्यातली बरीच घराणी गोव्यातून वर सरकलेली. बोली मालवणीत कोकणी मिसळलेली, आडनावं पोर्तुगीज. आडनाव हा आमच्या कपाळावरचा शिक्का. पोर्तुगीज आले ते राजा आणि वेदी एकत्र बांधून आले. पोपांनी पोर्तुगालच्या राजाला पूर्वेकडचे बिशप सुचवायचा हक्क दिला होता आणि बदल्यात चर्चचा खर्च राजाने उचलायचा. यालाच पाद्रोआदो म्हणतात. त्याच राजाच्या छत्राखाली गोव्यात १५६० मध्ये इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, बसलं, ते मधली चार वर्षं सोडली तर थेट १८१२ पर्यंत. त्याचा जाच नव्या ख्रिस्ती झालेल्यांनाच जास्त होता, म्हणजे आमच्याच पणज्या-खापरपणज्यांना. वसईचा किल्ला १७३९ साली चिमाजी अप्पांनी घेतला, पण पाद्रोआदोचं शेपूट मुंबईकडे पार १९२८ पर्यंत वळवळत होतं. एकाच गावात एक चर्च पोर्तुगालच्या बाजूच्या बिशपांचं, दुसरं रोमने नेमलेल्यांचं, आणि लोकांची आपसात भांडणं.

दुसरी बाजूही याच मातीत आहे. पत्रादेवीची सरहद्द आमच्यापासून गाडीने तासाभरावर. १५ ऑगस्ट १९५५ ला, म्हणजे याच तारखेला, बांद्याकडून सत्याग्रही गोव्याच्या हद्दीत शिरले आणि पोर्तुगीज पोलिसांच्या गोळ्यांनी वीसहून अधिक माणसं पडली. गोवा मोकळा व्हायला १९ डिसेंबर १९६१ उजाडावा लागला. माझ्या लहानपणी म्हातारी माणसं दोन्ही गोष्टी एकाच दमात सांगायची. गोव्यातल्या मावसघरी लिस्बनचं रेडिओवर चाललेलं कौतुकही आणि पत्रादेवीहून परतलेल्यांना आपल्या पडवीत दिलेलं पाणीही. घरात दोन्ही होतं. ज्याच्या घरात दोन्ही असतं त्याला एकाच बाजूचा शिक्का मारून घ्यायची घाई फार असते, असं माझं निरीक्षण आहे.

हवालदार काकांचा कायदा

सभेत विरोध होईल तो सोवळ्या बायकांकडून, रोझरी ग्रुपकडून, असं पोरांना वाटलं होतं. झाला तो लष्करातून हवालदार म्हणून निवृत्त झालेल्या काकांकडून. ई.एम.ई.मध्ये नोकरी झालेली, पठाणकोटपासून तेजपूरपर्यंत गाड्या दुरुस्त केलेल्या. घरी आजही झेंडा इस्त्री करून ठेवणारा माणूस.

त्यांनी खिशातून चष्मा काढला आणि शेल्याकडे बोट केलं. "ह्या पयला." १९७१ चा राष्ट्रप्रतिष्ठा अवमान प्रतिबंध अधिनियम त्यांना जवळजवळ पाठ होता. झेंडा पुतळ्यावर पांघरायचा नाही, भाषणाच्या टेबलावर अंथरायचा नाही, कापड म्हणून लपेटायचा नाही. शिक्षा तीन वर्षांपर्यंत. मावशींनी चट्कन पदर सावरला, जणू पोलीस दारातच उभे आहेत. "चक्र नाय काढला तर?" पोराने विचारलं. म्हणजे नुसते तीन रंग. काका म्हणाले, मग ते फक्त कापड झालं, चालेल. पण मग तो तिरंगा नाही आणि तुमचं कामही होत नाही. तुम्हाला झेंडाच दाखवायचा आहे ना?

मग ते अर्पणाच्या मिरवणुकीवर आले, आणि माझ्या मते या प्रकरणाचं खरं मर्म तिथे उघडं पडलं. त्याच कायद्यात आहे की झेंडा कुणालाही किंवा कशालाही सलामी म्हणून झुकवायचा नाही. माणसाला नाही, वस्तूला नाही. आता मिरवणूक वेदीशी पोहोचते तेव्हा काय होतं? आणणारा माणूस वाकतो. परमप्रसादाच्या पेटीसमोर गुडघा टेकतो. हातात मेणबत्ती असो, फळांची परडी असो, ती त्याच्याबरोबर खाली येते. हातात झेंडा असला तर?

काकांनी उठून पोराला खुर्च्यांच्या मधून चालायला लावलं, हातात झाडूचा दांडा देऊन. टेबलापाशी आल्यावर म्हणाले, "आता वाक." पोरगा वाकला, दांडा पुढे झुकला. "झाला तीन वर्सा." सगळे हसले. दुसऱ्यांदा त्याने दांडा छातीशी सरळ धरून वाकायचा प्रयत्न केला, तर दांड्याचं वरचं टोक पंख्याला लागायला आलं आणि त्याला मागे झुकावं लागलं. तिसऱ्यांदा तो वाकलाच नाही. नुसता उभा राहिला. हसणं थांबलं. काका म्हणाले, "झेंडो वाकणा नाय. आणि देवापुढे न वाकता कोण रवता? मगे दोघांक एका जाग्यार कित्याक आणतस?"

काकांच्या या म्हणण्यात झेंड्याचा कमीपणा कुठेच नव्हता. उलट झेंड्याच्या मानापोटीच ते बोलत होते. ज्याचा मान न झुकण्यात आहे त्याला झुकण्याच्या जागी नेऊ नये, बस.

चौथी आज्ञा

फादर तरुण आहेत, सिंधुदुर्ग धर्मप्रांतातलेच. हा धर्मप्रांत २००५ मध्ये पुण्यापासून वेगळा झाला. आधी त्यांनी एक चूक केली. जर्मनीचं उदाहरण घेतलं. १९३३ नंतर तिथे काही प्रॉटेस्टंट चर्चमध्ये वेदीच्या दोन्ही अंगांना स्वस्तिकाचे झेंडे लागले. त्याविरुद्ध १९३४ च्या मे महिन्यात बार्मेनला जमलेल्यांनी जाहीर केलं की ख्रिस्ताखेरीज दुसरा कुणी नेता चर्चचा प्रभू होऊ शकत नाही. मार्च १९३७ मध्ये अकराव्या पायस पोपांचं जर्मन भाषेतलं पत्र चोरून छापून झावळ्यांच्या रविवारी कॅथोलिक चर्चमधून वाचलं गेलं. सगळं खरं. पण पोरगा भडकला. "फादर, आमी नाझी काय?" आणि त्याचं भडकणं रास्त होतं. आपल्या पोराला बोलताना दूरची भयानक उदाहरणं आणू नयेत. जवळचं पाद्रोआदो हाताशी असताना तर मुळीच नाही.

मग फादरांनी कपाटातून कॅथोलिक धर्मशिक्षण काढलं, १९९२ साली प्रसिद्ध झालेलं. दहा आज्ञांच्या क्रमाने नीतीची शिकवण लावलेली आहे त्यात. फादरांनी विचारलं, देशावरचं प्रेम कुठल्या आज्ञेखाली येत असेल? कुणी म्हणालं पहिल्या, कुणी म्हणालं कुठल्याच नाही. ते येतं चौथ्या आज्ञेखाली, आईबापांचा मान राख. परिच्छेद २२३९: देशावर प्रेम करणं आणि त्याची सेवा करणं हे कृतज्ञतेतून येतं आणि प्रीतीच्या व्यवस्थेचा भाग आहे. म्हणजे ते ऐच्छिक नाही, फुलाफुलांची भावनाही नाही. आईचं जसं ऋण, तसं. मग त्यांनी मागची पानं उलटली, पहिल्या आज्ञेकडे, परिच्छेद २११३. तिथे मूर्तिपूजेत काय काय येतं त्याची यादी आहे: सत्ता, सुख, वंश, पूर्वज, राज्यसंस्था, पैसा. देवाच्या जागी यातलं काहीही बसवलं तर ती मूर्तिपूजा.

एकाच पुस्तकात दोन ठिकाणी. चौथ्या आज्ञेत देश आईच्या शेजारी बसलेला, आणि पहिल्या आज्ञेत राज्यसंस्था मूर्तींच्या यादीत. मला वाटतं, ख्रिस्ती शिकवणीत राष्ट्रवादाबद्दल जे काही आहे ते या दोन पानांच्या मधल्या अंतरात आहे. आईचा फोटो कुणी वेदीवर ठेवत नाही. म्हणून आईवर प्रेम नाही असं कुणी म्हणत नाही.

पोरगा मात्र सहज ऐकणारा नव्हता, आणि इथे त्याने सभेतलं सगळ्यात चांगलं वाक्य बोललं. फादरांनी नेहमीचं वचन काढलं होतं, कैसराचे, म्हणजे रोमच्या बादशहाचे, ते कैसराला आणि देवाचे ते देवाला. तो म्हणाला, "पण फादर, येशूच्या वेळेक कैसर परको होतो. नाण्यार त्याचा तोंड होता. आता झेंड्यार कोणाचा तोंड हा? कोणाचाच नाय. आता कैसर आमीच."

फादर क्षणभर गप्प झाले. मीही. पौलाने रोमकरांस पत्राच्या तेराव्या अध्यायात अधिकाऱ्यांच्या अधीन राहायला सांगितलं ते प्रजेला सांगितलं. मतदाराला नाही. प्रजासत्ताकात ख्रिस्ती माणसाने काय करावं याचं तयार उत्तर तिथे मिळत नाही, ते आपणच काढावं लागतं. फादर शेवटी म्हणाले ते असं: कैसर आपणच असू तर कैसराची पापंही आपलीच. मिस्सेची सुरुवात कशाने होते? छातीवर हात मारून, माझ्या अपराधामुळे, माझ्या अपराधामुळे. तिथे झेंडा घेऊन आलास तर त्याच्यासाठीही छातीवर हात मारावा लागेल. तू तो आणतोयस तो ग्रुपवरच्या त्या मेसेजला उत्तर म्हणून. मेसेजला उत्तर द्यायची जागा वेदी नाही.

मला येशूने सांगितलेला मंदिरातल्या त्या दोघांचा दाखला आठवला, धर्मनियम काटेकोर पाळणारा परूशी आणि लोकांनी पापी ठरवलेला जकातदार. परूशी देवापुढे उभा राहून आपले उपवास आणि दशांश मोजून दाखवतो. खोटं काहीच बोलत नाही तो. तरी नुसती दया मागणारा जकातदार नीतिमान ठरून घरी जातो. माझी मान तेव्हा दुसऱ्या बाजूला डोलायला लागली होती. फलकावरची नावं डोळ्यांपुढे आली.

राष्ट्रगीताचाही विषय निघाला. मिस्सेच्या शेवटी आतच म्हणावं का, असं एका सभासदाने विचारलं. दुसऱ्याने केरळच्या यहोवा साक्षीदार पंथाच्या मुलांचं प्रकरण काढलं. १९८५ मध्ये तीन भावंडांना शाळेतून काढलं कारण ती राष्ट्रगीत म्हणत नव्हती, नुसती आदराने उभी राहत. १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुलांच्या बाजूने निकाल दिला. फादर म्हणाले, त्या मुलांची शिकवण आपली नाही, आपण राष्ट्रगीत म्हणतो आणि मनापासून म्हणतो. बाहेर म्हणू. विषय संपला.

दारातली घडी

निर्णय खरं तर फादरांनी घेतलाच नाही. काकांच्या एका आठवणीने घेतला.

त्यांच्या युनिटमधला एक जवान गेला होता, आमच्याच धर्माचा. शवपेटी तिरंग्यात गुंडाळून गावी आणली. चर्चच्या दारात मिरवणूक थांबली. तिथल्या म्हाताऱ्या पाद्रींनी दोन जवानांना खूण केली. त्यांनी झेंडा काढला, पायरीवरच उभं राहून घडी घातली आणि एका जवानाने तो छातीशी धरला. शवपेटीवर पांढरं वस्त्र पसरलं, बाप्तिस्म्याच्या वस्त्राची आठवण म्हणून घालतात ते. आत मिस्सा झाली. तो जवान घडी घेऊन तासभर बाहेर पायरीवरच उभा होता, पाऊस होता, कुणीतरी छत्री धरली. मिस्सा संपल्यावर पेटी दारात आली, पांढरं वस्त्र निघालं, तिरंगा पुन्हा चढला. कबरीत उतरवण्याआधी परत निघाला, कारण झेंडा खड्ड्यात जात नाही.

"माका तेव्हा राग इलो होतो," काका म्हणाले. "म्हटलंय, हो पाद्री कोण आमचो झेंडो काढणारो? पण आत बघलंय तर पेटी पांढरी. शिपाय नाय, हवालदार नाय. नुसतो माणूस."

यावर कुणी बोललं नाही. मावशींनी तेवढं विचारलं, "माका इतक्याच सांगा. कापड कापू काय नको?"

शेला पांढऱ्याचाच करायचा ठरलं, निळ्या काठाचा. झेंडा आवारात, मिस्सेनंतर, पण यंदा नीट खांब उभा करून, आणि गावाला बोलावून. पोराला फादरांनी दुसरं काम दिलं: श्रद्धावंतांच्या प्रार्थनांमधली देशासाठीची प्रार्थना त्याने लिहायची आणि वाचायची.

त्याने चार ओळी लिहून आणल्या. पहिलीत देश जगात सर्वश्रेष्ठ असल्याबद्दल देवाचे आभार होते. फादरांनी ‘सर्वश्रेष्ठ’वर काट मारली. पोरगा भांडला. फादर म्हणाले, आईसाठी प्रार्थना करताना शेजाऱ्याच्या आईपेक्षा चांगली असं लिहितोस का? यिर्मयाच्या एकोणतिसाव्या अध्यायात कैद करून बाबेलला नेलेल्या ज्यूंना काय सांगितलंय ते वाच: ज्या नगरात तुम्हाला पाठवलंय त्याचं हित चिंता, त्याच्यासाठी प्रार्थना करा, त्याच्या हितात तुमचं हित आहे. पोरगा म्हणाला, पण आम्ही बाबेलात नाही, आम्ही घरीच आहोत. हेही बरोबर होतं. यिर्मयाची तुलना त्याने नाकारली आणि फादरांनी ती सोडून दिली. मला हे आवडलं. आमच्यातले काही जण फिलिप्पैकरांस पत्रातलं ‘आपलं नागरिकत्व स्वर्गात आहे’ एवढंच धरून बसतात आणि ग्रामसभेला जात नाहीत. तो आळस आहे, श्रद्धा नाही.

पंधरा तारीख

सोमवार होता. रात्रभर कोसळून पाऊस पहाटे थांबला होता. नारळी पौर्णिमा चार दिवसांपूर्वी झालेली, त्यामुळे बऱ्याच होड्या बाहेर. मिस्सेला पुरुष कमी, बायका-पोरं जास्त. मूर्तीला पांढरा शेला, काठाचा निळा थोडा गडद आलेला. प्रवचनात फादरांनी पहिल्यांदाच मरियेच्या गाण्यातली ती सत्ताधीशांची ओळ घेतली. पाचच मिनिटं बोलले. रोझरी ग्रुपमध्ये थोडी चुळबुळ झाली.

पोराची प्रार्थना अशी होती, माझ्याकडे त्याचा कागद आहे: "आमच्या देशासाठी. ज्यांच्या हाती सत्ता आहे त्यांना न्यायाची भूक दे. आमच्या हातून या देशाचं जे वाईट झालं त्याची क्षमा कर. आत्ता दर्यावर असलेल्या सगळ्यांना, रापणीवाल्यांना, ट्रॉलरवाल्यांना, सुखरूप घरी आण." ट्रॉलरवाल्यांच्या नावाला मागच्या बाकावरून एक खाकरणं ऐकू आलं. आमच्या किनाऱ्यावर पारंपरिक मच्छीमार आणि पर्ससीन, ट्रॉलर, एलईडीवाले यांच्यातलं वैर ज्याला माहीत आहे त्याला त्या खाकरण्याचा अर्थ कळेल. त्याच्या स्वतःच्या बापाची रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं पारंपरिक जाळं, आहे. ही ओळ त्याला सोपी गेली नसणार.

झेंड्याला सरपंच आले, देवळाच्या कमिटीतले दोघे आले, मेसेज टाकणाराही आला. खांब म्हणून एका जुन्या होडीची डोलकाठी रंगवून उभी केली होती. काकांनी झेंडा झपकन चढवला. चढवताना झपकन, उतरवताना सावकाश, हा त्यांचा नियम आणि ध्वजसंहितेचाही. गाठ जराशी अडकली, त्यांनी दोरीला एक झटका दिला आणि आत घातलेल्या पाकळ्या ओल्या पायऱ्यांवर पडल्या.

नंतर

ग्रुपवर फोटो गेला. खाली एकाने विचारलं, "आत नाय लावलास?" पोराने लांबलचक उत्तर टाइप केलं, मला दाखवलं, आणि पुसून टाकलं. शेवटी लिहिलं, "पुढल्या वर्सा मिस्सेक ये, बघ." तो माणूस अजून मिस्सेला आलेला नाही. ‘पण’ही गेलेला नाही. दुसऱ्या कुठल्यातरी निमित्ताने तो परत येतोच.

आमची चूक कुठे झाली, असं मला विचारलं तर मी म्हणेन, सुरुवातीलाच. मेसेज आला त्याच दिवशी मी माझ्या कपाटातले ते जुने फोटो त्या माणसाच्या घरी चहाला घेऊन गेलो असतो, तर निम्मं प्रकरण झालंच नसतं. त्याऐवजी मी इतिहासाच्या वह्या उघडून बसलो. फलक शेवटी लागला, पण दारात नाही, शाळेच्या व्हरांड्यात, आणि त्यावरचं ‘ख्रिस्ती’ हे विशेषण पोरानेच काढलं. आता तिथे बॅप्टिस्टांशेजारी लोकमान्य आहेत आणि सेनापती बापट आहेत.

केशरी आणि हिरवं सॅटिन मावशींच्या ट्रंकेत राहिलं होतं. नोव्हेंबरात त्या विचारत आल्या, नाताळच्या गोठ्याला वापरलं तर चालेल ना, कायद्याचं काही नाही ना. हिरवं डोंगराला, केशरी ताऱ्याच्या शेपटीला. मी काकांना विचारून हो सांगितलं.